पौषात पैसे, फाल्गुनात भाजी

खेड तालुक्यात भामा नदीच्या काठाला आमची ३४ गुंठे बागायत आहे. रात्री मोटर चालू करायला बांधावर गेलं की चाकणच्या कारखान्यांचा उजेड ढगांच्या पोटाला लागलेला दिसतो. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये मी २२ वर्षं तपासणी खात्यात होतो. पार्टला गेज लावायचा आणि ‘ओके’ किंवा ‘रिजेक्ट’ म्हणायचं, एवढंच काम. सात वर्षांपूर्वी ते सोडून वडिलांच्या रानात आलो. आता बायको आणि मी २८ कुटुंबांसाठी भाजी पिकवतो. मोशी, भोसरी, निगडी, चिंचवड इथली ही कुटुंबं हंगामाचा हिस्सा आगाऊ भरतात. फेब्रुवारीच्या तिसऱ्या गुरुवारपासून पुढचे १२ आठवडे दर गुरुवारी त्यांच्या दारात पिशवी जाते. भरघोस पिकलं तर पिशवी जड, बुडालं तर हलकी. नफा-तोटा दोघांचा.

या सात उन्हाळ्यांत जे शिकलो ते खाली मांडतो. सगळं वाचायला सवड नसेल तर निदान चौथा मुद्दा वाचा.

१. पैसे पौषातच घ्यावेत

उन्हाळी भाजीचा खर्च आधी होतो. पौष-माघात शेणखत पडतं, बियाणं येतं, ठिबकच्या फुटक्या नळ्या बदलाव्या लागतात. पैसा मात्र माल गेल्यावर हातात पडतो. मधले तीन महिने शेतकरी उचल घेऊन काढतो आणि ज्याची उचल घेतली त्याच्याच दारात माल टाकावा लागतो. ही गाठ सोडवायचा एकच मार्ग मला सापडला : खाणाऱ्यानेच पेरणीआधी पैसे द्यायचे.

ही कल्पना माझी नाही. जपानमध्ये १९७०च्या दशकात शहरातल्या गृहिणी आणि शेतकरी यांनी असा थेट करार सुरू केला, त्याला तिथे ‘तेइकेई’ म्हणतात. अमेरिकेत १९८६ साली दोन शेतांवर हिस्सेदारीची पद्धत सुरू झाली आणि तिथून ती पसरली. मुंबईत ‘हरी भरी टोकरी’ नावाने भाजीच्या आठवडी टोपल्या घरोघर गेल्या. आमच्या अगदी जवळचं उदाहरण मुळशीतल्या बोडकेवाडीचं. ज्ञानेश्वर बोडके यांनी २००४ मध्ये अभिनव फार्मर्स क्लब उभा केला आणि शेतकऱ्यांचा माल थेट शहरातल्या घरांत पोचवून दाखवला. लहान शेतकरी शहराशी थेट बोलू शकतो, ही हिंमत मला त्यांच्याकडे बघून आली.

पहिल्या वर्षी मला आगाऊ मागायचा संकोच वाटला. महिन्याचे महिन्याला घेऊ म्हटलं. एप्रिलमध्ये मुलांच्या परीक्षा संपल्या आणि निम्मी कुटुंबं गावाला निघून गेली. कुणी सोलापूरकडे, कुणी जळगावला. ‘आता जूनमध्ये बघू’ असे निरोप आले. त्याच आठवड्यात भेंडी ऐन बहरात होती. झाड कुणाच्या सुट्टीसाठी थांबत नाही. तेव्हापासून हिस्सा पूर्ण हंगामाचा असतो आणि संक्रांतीच्या आत भरायचा असतो. गावाला जाणाऱ्याने त्या आठवड्याची पिशवी शेजाऱ्याला द्यावी, असं ठरलंय. अशा पिशव्यांमुळेच आम्हाला सहा नवी घरं मिळाली.

२. वार ठरवताना शहराची सुट्टी बघावी

आमच्याकडे आठवडा शनिवारपासून मोजतात, कारण चाकणचा बाजार शनिवारचा. शहरात रविवार. म्हणून मी आधी रविवार धरला होता. पण भोसरी-पिंपरीच्या एमआयडीसीला सुट्टी असते गुरुवारी. वीज वाचवण्यासाठी औद्योगिक भागांना वेगवेगळे वार वाटून दिले, त्यात इथे गुरुवार आला आणि इथल्या लोकांच्या हाडात बसला. २२ वर्षं माझाही आठवडा गुरुवारी संपायचा, तरी ही साधी गोष्ट ध्यानात यायला एक हंगाम गेला. रविवारी घरची बाई एकटी, नवरा फर्स्ट शिफ्टला. भाजी निवडायला कुणी नाही. गुरुवारी दोघं घरात. पालक निवडता निवडता गप्पा होतात, त्याच दिवशी तो शिजतो आणि मला परतीचा निरोपही येतो.

दुसरा फायदा रस्त्याचा. तळेगाव चौक, आळंदी फाटा, कुरुळी, चिंबळी, मोशी हा नाशिक हायवेचा पट्टा ज्यांच्या नशिबी रोज आहे त्यांना वेगळं सांगायला नको. एमआयडीसीच्या सुट्टीच्या दिवशी मोशीच्या पुढे जरा श्वास घेता येतो. तरीही आमचा छोटा हत्ती सकाळी साडेसहाला चाकण ओलांडतो म्हणजे ओलांडतोच. सात वाजले की पालेभाजी गाडीतच मान टाकते.

३. पेरणी पाठीमागून मोजावी

बाजारासाठी पिकवणारा शेतकरी विचारतो, आज काय पेरू? आम्हाला विचारावं लागतं, होळीच्या गुरुवारी पिशवीत काय असेल?

मेथी चार आठवड्यांची. म्हणजे आज गुरुवारी पेरलेली चार गुरुवारांनी जुडी होऊन जाणार. दर आठवड्याला एक वाफा पेरला तर दर आठवड्याला २८ जुड्या. कोथिंबिरीला सहा गुरुवार, मुळ्याला सहा, काकडीला सहा ते सात. भेंडीचा पहिला तोडा सात आठवड्यांनी, दोडक्याचा आठ-नऊ आठवड्यांनी. जुन्या डायरीत मी १२ गुरुवार उभे आखतो आणि प्रत्येकाखाली मागे मोजत पेरणीची तारीख लिहितो. वर्कशॉपमध्ये डिस्पॅचची तारीख आधी लिहायचे आणि कच्चा माल नंतर मागवायचे, तीच रीत.

कागदावर हे सोपं दिसतं. फाल्गुन सरताना ऊन तापायला लागलं की हिशोब हलतो. कोथिंबीर फुलावर येते, मेथी दोन-चार दिवस आधीच तयार होऊन कडवट व्हायला लागते, पालकाची पानं जाड पडतात. त्यावर आम्ही करतो ते असं : धने फरशीवर पसरून लाकडी फळीने रगडायचे, दोन दळं वेगळी झाली पाहिजेत, मग रात्रभर भिजवून ओलसर फडक्यात बांधून ठेवायचे. बायको अख्खे धने टाकू देत नाही. वाफा शेवग्याच्या सावलीला, आणि वरून बांबूंवर जुन्या साड्या ताणलेल्या. शेजारपाजारच्या बायकांनी दिलेल्या अकरा साड्या आहेत, त्यातली एक हिच्या लग्नातली. मार्चच्या दुपारी त्या साड्यांखाली बसलं तर हिरवा-जांभळा उजेड पडतो आणि कोवळ्या कोथिंबिरीचा वास अंगाला लागतो.

एप्रिलमध्ये पालेभाजीचा हट्ट सोडावा. तांदुळजा, लाल माठ, अंबाडी आणि घोळ उन्हाला टिकतात. गवार, भेंडी, दोडका, दुधी, चवळी हे उन्हाळ्याचे खरे धनी.

४. बुडालं तर आपण आधी सांगावं

दुसऱ्या वर्षीची गोष्ट. तेव्हा १९ कुटुंबं होती. पाडवा होऊन आठ दिवस झाले असतील. सोमवारी दुपारी तीनच्या सुमाराला आभाळ काळं झालं, वारा पडला आणि गारा सुरू झाल्या. वीसेक मिनिटं. थांबल्यावर रानात गेलो तर टोमॅटोची झाडं काठ्यांसकट आडवी, दोडक्याच्या मांडवावर पानांची चाळण, मेथीचे दोन्ही वाफे चिखलात बसलेले. बायको बांधावर उभी राहून गारा गोळा करत होती; दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून.

गुरुवारला तीन दिवस होते. मी कुणाला काही कळवलं नाही. लोकांनी पैसे मोजलेत, पिशवी भरली पाहिजे, एवढंच डोक्यात. गुरुवारी पहाटे मंडईत गेलो, मेथीच्या १९ जुड्या, टोमॅटो, दोडके घेतले, आमच्या कापडी पिशव्यांत भरले आणि निघालो.

निगडीच्या यमुनानगरात एक काकू आहेत. माहेर बार्शीकडचं, लहानपण रानात गेलेलं. त्यांनी माझ्यासमोरच पिशवी उघडली, मेथीची जुडी हातात घेतली, उलटी केली आणि मुळं बघितली.

“भाऊ, ही जुडी तुमची नाही.”

मी गप्प.

“तुमची जुडी केळीच्या सोपटाने बांधलेली असते. ही प्लॅस्टिकच्या दोरीने आहे. आणि मुळाला तांबडी माती आहे. तुमचं रान काळं.”

मग त्याच म्हणाल्या, “सोमवारी इथेही गारा पडल्या. मी तर धरूनच बसले होते, या आठवड्याला कांदाच येणार. तुम्ही दोघं बरे आहात ना?”

त्यांनी मला चहा दिला. जुडी त्यांनी ठेवून घेतली, पण त्यांच्या नजरेसमोर उरलेल्या पिशव्या उचलताना मला जे वाटलं ते मी विसरलेलो नाही. तपासणी खात्यात २२ वर्षं मी नव्या पोरांना एकच गोष्ट शिकवत आलो होतो : खराब पार्ट लाल डब्यात टाकला तर तोटा एका पार्टचा, चांगल्यात मिसळला तर अख्खा लॉट संशयात. आणि स्वतःच्या शेतात मी तेच केलं होतं.

उरलेल्या अकरा घरी मी दारात उभं राहून सांगितलं, की कांदा-बटाटा आमचा आहे, बाकीचं मंडईतलं आहे, आमचं गारांनी गेलं. आधी ज्यांच्याकडे पिशव्या पोचल्या होत्या त्यांना संध्याकाळी फोन केले. एका कुटुंबाने हिस्सा सोडला. त्यांना दर आठवड्याला ठरलेली भाजी हवी होती आणि ते त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. त्यांचे उरलेल्या आठवड्यांचे पैसे परत केले. बाकी १८ राहिले. त्यातले १५ आजही आहेत.

तेव्हापासून सोमवारची सकाळ या कामासाठी राखून ठेवली आहे. चहा झाला की दोघं रानातून सावकाश फेरी मारतो. भेंडीची पानं पिवळ्या शिरांची दिसतात का (हा केवडा, पांढऱ्या माशीने पसरतो), काकडीवर भुरी आहे का, टोमॅटोच्या पानांत नागअळीच्या रेघा आहेत का, सगळं वहीत. दुपारी हिस्सेदारांना निरोप जातो. त्यात आधी काय गेलं ते, मग काय येणार ते. या क्रमात बदल होत नाही. मेथी गेली असेल तर पहिलंच वाक्य मेथी गेली. फोटोही सडलेल्या पिकाचा जातो. लोकांना राग येत नाही, काळजी वाटते. निरोप उशिरा गेला की राग येतो.

५. तोडणी उन्हाच्या आधी

बुधवारी संध्याकाळी फळभाज्या, गुरुवारी पहाटे चार ते साडेपाच पालेभाज्या. कपाळाला बॅटरी बांधून आम्ही वाकलेलो असतो. भेंडी मात्र एक दिवसाआड तोडावीच लागते, गुरुवार असो नसो. दोन दिवस राहिली की जून होते आणि झाड पुढची फुलं धरायला कुचराई करतं. म्हणून मधल्या दिवसांच्या भेंडीला वेगळं गिऱ्हाईक लागतं. आमची ती गावातल्या दोन खानावळींत जाते. भेंडीचं शेपूट बोटाने मोडून बघायचं. कट्‌कन मोडलं तर पिशवीत, वाकलं तर गाईला. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे घालायचे, नाहीतर लवीने हात दिवसभर खाजतात.

तोडलेला माल रात्री ठेवायला आम्ही विटांची दुहेरी भिंत घालून हौद केला आहे. दोन भिंतींमध्ये चार बोटांची फट, तिच्यात वाळू, वाळूवर दिवसातून दोनदा पाणी, वर ओल्या गोणपाटाचं झाकण. शून्य ऊर्जा शीतकक्ष म्हणतात त्याला. वीज लागत नाही. बाहेर अंग भाजत असताना आत हात घातला तर माठाच्या पोटात घातल्यासारखं वाटतं. ज्यांना शीतगृह परवडत नाही अशा प्रत्येक भाजीवाल्याने हा हौद बांधावा. विटा आणि वाळू मिळाली की दोन दिवसांचं काम आहे.

६. पिशवीत प्रत्येकाचं गाव असावं

पिंपरी-चिंचवड हे बाहेरून आलेल्यांनी उभं केलेलं शहर आहे. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, मग वाहनांचे कारखाने, मग त्यांना पार्ट पुरवणारी हजारो वर्कशॉपं. माणसं आली लातूर-धाराशिवकडून, खानदेशातून, विदर्भातून, कोकणातून. आमच्या २८ घरांत किमान दहा जिल्हे आहेत, आणि प्रत्येक जिल्ह्याची जीभ वेगळी.

पहिल्या वर्षी अंबाडी दिली तर अर्ध्या घरांतून ‘हे काय आहे’ म्हणून फोन आले आणि लातूरकडच्या एका ताईने, “अजून दोन जुड्या मिळतील का?” असं विचारलं. अंबाडीच्या भाजीत तांदळाच्या कण्या घालून वर लसणाची फोडणी कशी द्यायची, हे तिने सगळ्यांना सांगितलं. पुढच्या आठवड्यात अंबाडी कमी पडली. जळगावच्या दादांनी भरताच्या हिरव्या वांग्याचं बी आणून दिलं. ती वांगी आता माघात भाजायला तयार असतात आणि त्या गुरुवारी निगडीतल्या एका इमारतीचा जिना भाजलेल्या वांग्याच्या वासाने भरलेला असतो. घोळ तर आमच्या वाफ्यात तण म्हणून उगवायची, आम्ही खुरपून बांधावर टाकत होतो. यमुनानगरच्या त्याच काकूंनी ती बघितली आणि डाळ घालून करायला सांगितली. आता ती खुरपताना वेगळ्या टोपलीत जाते.

सणाचा हिशोबही असाच घरांकडून कळतो. होळीला कटाच्या आमटीसाठी कोथिंबीर दुप्पट. पाडव्याला प्रत्येक पिशवीत कडुनिंबाचा फुलोऱ्याचा एक डहाळा, तो बांधावरच्या झाडाचा. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंबेडाळीसाठी कैऱ्या. आमच्याकडे आंब्याची दोनच झाडं आहेत, म्हणून कैऱ्या मोजून दोन-दोन. एका वर्षी मी विसरलो तर तीन घरांतून आठवण आली. हे मागणं मला फार आवडतं. दुकानदाराकडे कुणी असं हक्काने मागत नाही.

७. कांदा काढायला घरं बोलवावीत

मार्चमध्ये कांद्याच्या माना पडायला लागल्या की एक रविवार ठरतो. निम्म्या माना पडल्या की काढणी, हा आमच्याकडचा जुना नेम. हिस्सेदार मुलाबाळांसह येतात. उपटलेला कांदा ओळीत असा ठेवायचा, की मागच्या कांद्याची पात पुढच्या कांद्यावर सावली धरेल. तीन-चार दिवस तसाच सुकवायचा. मग बोटाच्या एका पेराएवढी मान ठेवून पात कापायची. मान अगदी कापली की कांदा चाळीत सडतो. डेंगळे आलेले आणि जोडकांदे वेगळे, ते लगेच खायचे.

सहा-सात वर्षांची एक पोर गेल्या वर्षी दिवसभर एकाच सरीत बसून होती. तिने ४३ कांदे काढले आणि मोजून आईला सांगितले. तिच्या घरी आता कांदा सडला की टाकायच्या आधी तिची परवानगी लागते, असं तिची आई सांगते.

या कांद्यानेच गारांच्या आठवड्यात पिशवी उचलून धरली होती. म्हणून माझा पक्का सल्ला : ज्याला १२ आठवडे घरं सांभाळायची आहेत, त्याने आपल्या रानाचा चौथा हिस्सा तरी कांदा, बटाटा, लाल भोपळा अशा टिकाऊ मालाला द्यावा.

८. भाव खर्चातून काढावा, पाटीवरून नाही

आमच्या गावापासून आंबेठाण लांब नाही. शरद जोशी परदेशातली नोकरी सोडून आले आणि १९७७ साली तिथे कोरडवाहू जमीन घेतली, तोच अंगारमळा. स्वतः राबून, स्वतःच्या शेताचा हिशोब ठेवून ते या निष्कर्षाला आले, की शेतमालाच्या भावातून उत्पादनखर्चच भरून निघत नाही. १९७९ मध्ये त्यांनी चाकणलाच शेतकरी संघटना उभी केली, १९८०च्या कांदा आंदोलनात लोक याच नाशिक हायवेवर बसले. माझे वडील त्यात होते. वही ठेवायची सवय आमच्या घरात तिथून आली.

तरीही पहिली दोन वर्षं मी मंडईतल्या पाट्या बघून हिस्सा ठरवला. कांदा पडला की हिस्सेदारांना आपण लुटले गेलो असं वाटायचं. टोमॅटो चढला की मला. आता पौषात सगळ्यांना बोलावतो आणि वही वाचून दाखवतो : बियाणं, शेणखत, वीजबिल, मजुरी, गाडीचं डिझेल, दुरुस्ती, आणि आम्हा दोघांचे दिवस. मजुरांना जो दर देतो तोच दर आमच्या दिवसांना. बेरीज भागिले २८. यंदा एका हिस्स्याला ५,४०० रुपये आले, आठवड्याला ४५०. एका हिस्सेदाराने विचारलं की स्वतःची मजुरी इतकी कमी का लावता. पुढच्या वर्षी त्यावर बोलायचं ठरलं आहे.

२०१६ मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, शेतकरी आठवडे बाजारही शहरांत सुरू झाले. थेट विकण्याची वाट त्यामुळे रुंद झाली आहे. आडत्याशी माझं भांडण नाही. जास्तीचा कांदा मी अजूनही चाकणच्या महात्मा फुले बाजारातच घालतो.

९. मजुरी आणि वीज

आमच्याकडे दोन मावश्या कामाला आहेत. चाकणच्या कंत्राटदाराची गाडी गावात सकाळी येते आणि तिशीच्या आतल्या सगळ्या बायका घेऊन जाते. रानात उरतात पन्नाशीच्या. कंपनीच्या दराला आम्ही पुरे पडत नाही. म्हणून वेळ त्यांच्या सोयीचा, सहा ते अकरा, तासावर पैसे, बाई-गडी एकच दर, आणि त्यांच्या घरीही गुरुवारची पिशवी. शेतावर राबणाऱ्याच्या घरात त्या शेताची भाजी शिजत नसेल तर ते मला पटत नाही.

थ्री-फेज वीज कधी दिवसा येते, कधी रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात अंधारात पाय ठेवताना साप बघावा लागतो. ठिबक आणि उसाच्या पाचटाचं आच्छादन केल्यापासून पाण्याच्या पाळ्या कमी झाल्या, झोप वाढली.

१०. ‘सेंद्रिय’ हा शब्द जपून वापरावा

आम्ही रासायनिक औषध मारत नाही. जीवामृत देतो, निंबोळी अर्क फवारतो : ५ किलो निंबोळी पावडर रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, १०० लिटर करायचं. पिवळे-निळे चिकट सापळे लावतो. पण शेजारच्या रानात फवारणी झाली की वाऱ्याबरोबर ती आमच्याकडे येते. पूर्वेच्या बांधाला लागून तीन सऱ्या आम्ही शेवरी आणि मका लावून सोडल्या आहेत. त्यांच्यातलं काही पिशवीत जात नाही. केंद्र सरकारच्या पीजीएस-इंडिया या सेंद्रिय प्रमाणीकरणाच्या पद्धतीत किमान पाच शेतकऱ्यांचा गट करून एकमेकांची शेतं तपासता येतात. आमचे चार जमले आहेत, पाचवा शोधतो आहोत. तोवर पिशवीवर ‘विनाऔषध’ एवढंच लिहितो, आणि ज्याला शंका असेल त्याने सोमवारच्या फेरीला यावं.

११. जमीन

महिन्यातून एकदा कुणीतरी पांढऱ्या गाडीतून येतं आणि गुंठ्याचा भाव सांगतं. आमच्या वस्तीवरच्या सात घरांपैकी चार घरांनी विकली. त्यांना मी नावं ठेवत नाही. लग्नं होती, आजारपणं होती, आणि कांद्याला सलग दोन वर्षं भाव नव्हता. मला नाही म्हणता येतं, कारण पौषात २८ घरांचे पैसे आलेले असतात आणि त्यांची भाजी देणं असतं.

तुम्ही हे चिखलीत, चऱ्होलीत, देहूत किंवा मोशीत बसून वाचत असाल, तर तुमच्या इमारतीपासून चार-पाच किलोमीटरवर अजून कुणीतरी मेथी पेरतं आहे. एखाद्या रविवारी त्याच्या बांधावर जा. तुमच्या मजल्यावरची पाच घरं जमवा, त्याला हंगामाचे पैसे पेरणीआधी द्या, आणि काय गेलं ते आधी सांगायला सांगा. आमचे यंदाचे २८ हिस्से भरले आहेत. पुढच्या पौषातही जागा नसेल. पण बांधापलीकडच्या शेतकऱ्याकडे विहिरीला पाणी आहे आणि तो विचारतो आहे.